सीट नंबर तेवीस

कणकुंबीच्या वळणावर गवा आडवा आला.
मुनाफनं ब्रेक दाबला
आणि सीट नंबर तेवीस पाय मागं सोडून
एकटीच पुढं निघाली.
तिच्यावर रत्नाक्का गावस, मांडीवर फणस,
मधल्या वाटेनं सरकत
थेट ड्रायव्हरच्या पाठीशी. बसलेल्याच.
म्हणाल्या, "आली काय गा जांबोटी?"

अख्खी गाडी हसली म्हणे.
मग कंडक्टरनं खाली वाकून बघितलं.

उद्यमबागेत आमच्या शेडला पत्र आलं,
वर इंग्रजी, खाली कन्नड.
इराप्पानं वाचलं आणि मला मराठीत सांगितलं:
दोनशे चौदा गाड्या माघारी. सीटचा पाया. वेल्डिंग.
वेल्डिंग म्हणताना
त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

गाड्या येऊ लागल्या. चिक्कोडीची, अथणीची,
निपाणीची एक, तंबाखूच्या वासासकट.
गोकाकच्या गाडीला लग्नाचा हार तसाच, वाळलेला.
आम्ही सीटा उपटल्या.
खाली शेंगांची टरफलं, कुंद्याच्या रिकाम्या खोक्याचं झाकण,
एका बाळाचा मोजा,
दोन्हीकडची तिकिटं, चोळामोळा होऊन एकत्र.
पटांगणात रांगा लावल्या,
सगळ्यांची तोंडं कंपाउंडच्या भिंतीकडं.
दुपारी त्यांच्यावरच बसून डबे खाल्ले.
दस्तगीर आपण शिवलेल्या रेग्झिनवरनं हात फिरवत म्हणाला,
"माझी शिलाई बघ, एक टाका उसवलेला नाही."
खरं होतं. मी भाकरी चघळत राहिलो.

आमच्यात प्रत्येकाचा एक आकडा असतो,
सांध्याशेजारी पंचानं ठोकलेला.
माझा नऊ.
मी सीटा उलट्या करत गेलो,
सहा, चार, चार, सहा,
नऊ.
परत नऊ.
संध्याकाळपर्यंत अकरा भरले.

त्या महिन्यात मालकानं रॉड बदलले होते, स्वस्तातले.
करंट दिवसातनं तीनदा जायचा.
थोरली केएलईत ॲडमिट होती, मी रात्री तिच्या उशाशी
आणि सकाळी इथं.
यातलं काहीही खोटं नाही.
अकराव्या सांध्यावर नख फिरवलं,
चीर केसाएवढी होती,
नख अडकलं.

साहेबांनी कुणाला काही विचारलं नाही.
नवे रॉड आले. मी पुन्हा नऊ ठोकला,
या खेपेला जरा खोल.

सुटल्यावर येळ्ळूरची बस धरली.
खिडकीची जागा मिळाली.
बसायच्या आधी वाकलो, सीटखाली हात घातला,
पाया चाचपला, बोल्ट, पट्टी,
आणि मग तो खडबडीत सांधा,
कुणाचा कोण जाणे.
शेजारची पोरगी पाय वर घेत म्हणाली,
"काय हुडकूलालासा, काका? काय पडलं?"

"काही नाही," म्हटलं.
हात तिथंच होता.
बस हलली.