अकरा मिनिटं

कीथलीत, लॉन्ड्रेटला लागून माझं दुकान.
शिलाई मशिनं दुरुस्त करून मिळतील.
आत दोन खुर्च्या, एक हीटर, तेलाचा वास,
आणि काचेवर आता एक नवा पत्ता,
ज्याला गल्ली नाही, पोस्टमन नाही,
तीन डब्ल्यूंनी सुरू होणारा.

महिन्याला बारा पौंड काढून ठेवते त्याच्यासाठी.
त्यात जाहिरात येते म्हणे, दीड दिवसाची.
दीड दिवसाचा गणपतीही असतो,
पण त्याच्या आरतीला निदान शेजारी येतात.

रात्री शटर ओढलं की आकडे बघते.
आज आलेले: चार.
एक मी.
एक मीच, फोनवरून.
एक मिरजेच्या वन्सं. त्यांना सांगून ठेवलंय,
रोज एकदा उघडत जा, सांजवात लावता तेव्हा.
आणि चौथा, ॲशबर्न, व्हर्जिनिया.

हा ॲशबर्नवाला कधी चुकला नाही.
पहाटे तीनला यायचा,
उंबऱ्यावर शून्य सेकंद उभा राहायचा
आणि निघून जायचा.
मी त्याला चेहरा देऊन टाकला होता.
म्हातारा असेल. झोप लागत नसेल.
बायकोचं मशिन माळ्यावर धूळ खात असेल
आणि विचारू की नको, असं होत असेल.
त्याच्यासाठी मी पहिल्याच पानावर लिहिलं:
संकोच करू नका.

लायब्ररीत मंगळवारी फुकट मदत करायला कॅलम बसतो,
एकोणीस वर्षांचा, नखं कुरतडणारा.
त्यानं पाहिलं, आणि ओशाळून म्हणाला,
मिसेस ओगले, हे माणूस नाहीये.
यंत्र आहे. सगळ्यांच्याच दारी जातं.
मग बराच वेळ आम्ही दोघं
त्या शून्याकडे बघत बसलो.

फोनवर लोक काय विचारतात तुम्हाला? त्यानं विचारलं.
एकच. खाली दोरा गुंततो आणि वर सगळं ठीक दिसतं.
मग तेच लिहा. फोनवर सांगता तसंच.

चार रात्री लागल्या.
माझं इंग्रजी म्हणजे स्टुलावर चढून
वरच्या फळीवरचा डबा काढणं.
तरी लिहिलं:
गुंता खाली दिसतो, पण चूक बहुधा वर असते.
आधी पाय उचला, मग दोरा ओवा,
नाहीतर ताण कसा बसणार त्याला?
चाक आपल्याकडे फिरवा. उलटं कधीच नको.
जमलं नाही तर या.
जमलं तर येऊ नका, पण कळवा.

खिडकीच्या उजेडात फोटो काढले,
अंगठ्याची पट्टी आली त्यात, येऊ दिली.
सीरियलच्या खोक्यांची पाठ कापून कार्डं केली,
लॉन्ड्रेटच्या ड्रायरवर, चर्चच्या गोधडी मंडळात,
झुबेदाबाजींच्या शिवणवर्गात वाटली.
खर्च: एक मार्कर, टाचण्या. पावणेतीन पौंड.

डिसेंबर कोरडाच गेला. जानेवारीत
हॅलिफॅक्सहून एक जण आला, सात सेकंद.
एकाला घास कापायचं मशिन हवं होतं.

आणि काल.
स्टॉर्नोवे. अकरा मिनिटं.
नकाशात शोधलं, तर जमीन संपल्यावर
पाणी, आणि मग ते गाव.
अकरा मिनिटं म्हणजे
वाचायला चार, उठून पाय उचलायला एक,
दोरा काढून पुन्हा ओवायला तीन,
चष्मा शोधायला दोन.
उरलेलं एक चिंधीवर टीप मारून बघायला.

या वेळी मी चेहरा दिला नाही.
नुसते हात दिले.
ते हात इथवर कधी यायचे नाहीत,
गल्ल्यात त्यांचं एक नाणं पडायचं नाही,
हे वहीत कुठल्या रकान्यात लिहू, कळेना.
वहीच मिटली. चहा टाकला, दुधासकट ऊतू गेला.

अजून कळवलेलं नाही त्यांनी काही.

पहाटे तीनला ॲशबर्न येऊन गेलंच.
म्हटलं, ये बाबा.
तुझ्यासाठी लिहिलेलं वाक्य
अजून काढलेलं नाही मी.