फक्की

स्टेडियम म्हणायचे खरे त्याला,
होतं काय, तर एका अंगाला सात पायऱ्या,
पायऱ्यांखाली सामानाची खोली,
पत्रा कापून केलेल्या आकड्यांचा गुणफलक
आणि एक उंच खांब, दिवे लागायच्या आधीच
घारींना देऊन टाकलेला.

मी तिथे धावले आहे, अनवाणी,
सत्त्याऐंशीच्या तालुका स्पर्धेत,
आणि दुसऱ्या वळणावर पडले आहे.
गुडघ्यातला खडा अजून थंडीत बोलतो.

मग स्पर्धा हायवेकडच्या नव्या मैदानावर गेल्या.
इथे तरोटा माजला.
कोणी म्हणालं गोदाम करा, कोणी मंगल कार्यालय.
पावणेदोन वर्षं सभा भरली त्याच पायऱ्यांवर
आणि पंचफुला उईके दर सभेत तेच बोलली :
"राहाले घर पायजे न् पोट्ट्यायले खेळाले मैदान.
दोन्ही पायजे. एकाच्या बदली दुसरं नाई पायजे."
शेवटी ते इतिवृत्तात लिहावंच लागलं.

ठरलं असं : घरं बाहेरच्या कडेनं, अडतीस.
धावपट्टी राहील, तोच रस्ता.
मधली जमीन कोणाच्याच नावावर नाही.

आखायला इंजिनिअरचा माणूस दोन मंगळवार आला नाही,
तेव्हा ईस्तारी कुंभरेला बोलावलं.
तीस वर्षं त्यानं इथे फक्की मारली होती.
चुंगडीला भोक, चुंगडी काखेत,
आणि चालायचा उलटा, पाठमोरा,
आखून झालेल्या रेघेवर नजर ठेवून.
"पुढं पाऊन चाललं का रेघ भटकते."

तीन दिवसांत अडतीस चौकोन पांढरे झाले.
बाया आपापल्या चौकोनात उभ्या राहून
चूल कुठे, माठ कुठे, पायानं दाखवू लागल्या.
रफीक टेलरनं रेघेबाहेर चपला काढल्या.
छत्तीस नंबर निघाला म्हणून डोमाजीनं चिठ्ठी परत टाकली,
पुन्हा छत्तीसच निघाला,
आणि शेजारी त्याचाच भाऊ, न बोलणारा.
माझं घर दुसऱ्या वळणावर. मी गप्प राहिले.

यादी वाचून संपली, तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात आलं,
ईस्तारीचं नाव त्यात नव्हतंच.
सर्व्हेवाला पायऱ्यांखालच्या खोलीत वाकून गेला होता,
जिथे हा फक्कीच्या पोत्यांवर झोपायचा,
आणि लिहून गेला होता : छत पक्कं, स्लॅबचं.
ईस्तारी हसला. "खोटं नाई लिवलं त्यानं."

त्यावर ठराव झाला नाही, भाषणही नाही.
पंचफुलानं पायानं आपली रेघ पुसली
आणि एक फूट आत जाऊन उभी राहिली.
मग तिची शेजारीण.
मग, बराच वेळ डोकं खाजवून, रफीक.
मीही. माझी न्हाणी एक फूट अरुंद झाली,
खोटं कशाला बोलू, तेव्हा जड गेलं.
पश्चिमेच्या रांगेत एकोणीस घरं,
एकोणीस फूट.
डोमाजी म्हणाला, भाऊ सरकला तर मी सरकतो.
भाऊ आधीच सरकला होता.

"आख आता."
ईस्तारीनं चुंगडी काखेत घेतली, पाठमोरा झाला,
निघाला. अर्ध्यात हात हलला.
रेघ वाकली, बोडीकडची पायवाट वाकते तशी.
तो पुसू लागला, तर पोट्टे ओरडले, राहू द्या ना बाबा.

भिंत तशीच उभी आहे.
चूक आपली नव्हे, असं गवंडी अजून सांगत फिरतो.
दारावर गुणफलकातले आकडे :
नऊ सापडला, तीन हरवलेला,
म्हणून पत्र्याचा सहा पालथा घालून ठोकला.

पायऱ्यांवर आता मोहफुलं वाळतात.
पहाटे पोट्ट्या माझ्या दारावरून धावतात,
मोजत, भांडत, कोणाच्या तरी भावाचे बूट घालून.
त्या यायच्या आधी मी वळणावर पाणी मारते
आणि वाकून खडे वेचते.