थांब्यापासून किती पावलं

अर्ज माझ्याच अक्षरात होता.
आधी डाळमिलच्या पावतीबुकामागं खरडलेला,
मग रेघांच्या कागदावर नीट उतरवलेला –
विषय : कुसुमनगर येथे सिटी बसचा थांबा मिळणेबाबत.
एकशे बारा सह्या, एकोणीस अंगठे.
घरमालक बसलिंगअप्पांनी तेवढी सही केली नाही.
म्हणाले, धुरानं धुणं काळं पडतंय.

दोन वर्षं काहीच हाललं नाही.
नसीमा नर्स रात्रपाळी उतरून
रिंगरोडपासून चालत यायची, चपला हातात घेऊन,
खडीत टाचा रुतायच्या म्हणून.
मी मिलला सायकलवर,
एप्रिलपासून डोक्यावर ओला टॉवेल,
पोचेपर्यंत तो खडखडीत.
खोली अठराशेला.
एक खोली, एक ओटा,
आठ दिवसाला एकदा नळ.

मग एका बुधवारी दोन माणसं आली,
लोखंडी खांब रोवून गेली.
सिमेंट ओलं होतं तोवर पोरांनी
त्यात आपापली नावं कोरली.
पहिल्या बसला आम्ही हार घातला.
ड्रायव्हर लाजला.
माझ्या पेढ्यांच्या पुड्यातून
अप्पांनी दोन उचलले.

तिसऱ्या महिन्यात अप्पा दाराशी.
खांबापासून उंबऱ्यापर्यंत
पावलं मोजत आले होते.
“काटेवाले, चाळीस भरली.
मागच्या गल्लीत दोनशे पावलांवर
बावीसशे येलालेत.
आता तुम्हीच सांगा.”

मी काट्यावरचा माणूस.
कट्ट्यामागं किती तूट धरायची,
ओल्या तुरीचं वजन किती खोटं,
हे मला बोटांना कळतं.
पावलाचा भाव मात्र
कोणत्याच बाजारात लागलेला ऐकला नव्हता.

(अप्पा वाईट माणूस नाही.
रेणुका तापानं फणफणली तेव्हा
मध्यरात्री ऑटो त्यांनीच शोधून आणला.
हेही इथं लिहिलं पाहिजे.)

बघता बघता भिंतींवर पाट्या आल्या :
रूम किरायाने देणे आहे. बस स्टॉपजवळ. फक्त विद्यार्थिनी.
डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरी
पत्र्याच्या पेट्या घेऊन सात नंबरमधून उतरू लागल्या.
एका खोलीत तीन खाटा,
खाटेला दोन हजार.
माझा हिशोब कधी चुकत नाही,
म्हणून तो मी पुन्हा केला नाही.

नसीमा आधी गेली. कुठं, ते सांगून नाही गेली.
मग आमचा टेम्पो भरला :
कूलर, टाकी, सायकल,
रेणुकाची पुस्तकं पिठाच्या डब्यात.
टेम्पो खांबापाशी बंद पडला
आणि मागून सात नंबर आली.
हॉर्न वाजवत राहिली.
आम्ही तिच्या वाटेत होतो.

आता गायरानापलीकडं राहतो,
जिथं प्लॉटच्या दगडांवरचा चुना अजून पांढरा आहे.
किराया पुन्हा अठराशे.
रेणुकानं थांब्यापर्यंत मोजून पाहिलं :
सत्तावीसशे पावलं. जाताना.
येताना ती मोजत नाही.
किरायाच्या पावतीवर
ही रक्कम कुणी मांडत नाही.

काल रात्री हणमंत गवंडी आला,
मागं चार-सहा माणसं,
हातात रेघांचा कागद.
“तुमचं अक्षर चांगलंय म्हणे.
बस मागायची आपल्याकडं.”
मी बसलो. ‘विषय’ लिहिलं,
त्यापुढं दोन टिंबं दिली
आणि विचारलं, हणमंता, घर सोताचं का किरायाचं?
“किरायाचंच की. का?”

कोपऱ्यात रेणुका
मिठाच्या कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती.
पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली,
“लिहा बाबा.
पण थांबा जरा लांब मागा.
दारापासून तीनशे पावलं तरी.”

हणमंत हसला.
ती नाही हसली.