खटके

छताला एक भोक,
त्यातून दोन वायरी बाहेर, टेप गुंडाळलेल्या.
बेसा रोडवरच्या माझ्या नव्या हॉलचं
एवढंच काय ते ठरायचं राहिलं होतं.
तीन आठवडे मी स्वयंपाकघरातून सांडलेल्या उजेडावर भागवलं.
शेवटी बाबाच म्हणाले, चल इतवारीत.

बाबा म्हणजे कोराडीच्या कंट्रोल रूममधली बत्तीस वर्षं.
रात्रभर कुठल्या कुठल्या गावांना वीज पाठवून
ते पहाटे घरी यायचे तेव्हा
आमच्या क्वार्टरात चाळीसचा एक बल्ब,
आणि खोलीत कोणी नसेल तर तोही बंद.

पराते लाइट हाऊस. दुकान खोल, बोगद्यासारखं,
आणि छत दिसतच नव्हतं.
बशा, पराती, कमळं, काचेची लोंबती द्राक्षं,
एक तर चक्क चंद्र, खड्ड्यांसकट,
सगळे एकदम पेटलेले.
बाहेर मे महिना शेहेचाळीसवर,
आत त्याचीच पोरं.

"वॉर्म पाह्यजे का व्हाइट?"
मी बाबांकडे पाहिलं.
बाबांनी उजवा डोळा मिटला, मग डावा, परत उजवा.
फेब्रुवारीत उजव्याचा मोतीबिंदू काढला,
डावा अजून पिकायचा आहे.
"यानं पाह्यलं तर पांढरा," ते म्हणाले,
"त्यानं पाह्यलं तर पिवळा. मले काऊन विचारतं?
राहायचं कोणाले आहे?"

मला.
बेचाळिसाव्या वर्षी, एकटीला.
मला कोणता उजेड आवडतो
हे, खरं सांगते, मला ठाऊक नव्हतं.
होस्टेलात ट्यूबलाइट, ऑफिसात ट्यूबलाइट,
मधल्या पाच वर्षांच्या संसारात झुंबर,
सासऱ्यांनी दिल्लीहून आणलेलं,
पाहुणे आले तरच लागायचं.

"हे घ्या मॅडम, थ्री-इन-वन. बटन दाबलं का रंग बदलते."
"बिघडला तर?" बाबा.
"बदलून टाकाचा."
"आतला बल्ब?"
"बल्ब नसते जी यात. अख्खाच फेकाचा."
बाबांनी तो दोन्ही हातांनी काउंटरवर परत ठेवला,
कोणाच्या घरून चुकून उचलून आणल्यासारखा.
मग मला, "पंख्यापासून किती लांब?"
दोन फूट.
"मंग पात्याच्या वर नको. उजेड कापल्या जाते,
जेवताना ताटात फडफडते."

मी म्हटलं, बाकीचे बंद करा न जरा.
परातेंचा चेहरा उतरला. "दुकान अंधारात ठेवू?"
काठीनं दिवे काढून देणारा पंकेश हसला.
पण बाबा उठलेच होते.
बोर्डापाशी गेले, चष्मा कपाळावर,
आणि एकेक खटका पाडत राहिले,
घाई न करता, ड्यूटीवर असल्यासारखे,
आधी चंद्र, मग द्राक्षं, मग कमळांची अख्खी ओळ.
गल्लीतून कोणीतरी ओरडलं,
"लाइन गेली का बे?"

एक राहिला.
कोपऱ्यातला, वीतभर दांडीवरचा, दुधी काचेचा साधा गोळा.
आत होल्डर, होल्डरात बल्ब, साडेसहाशे रुपये.
त्याच्याखाली बाबांच्या मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग दिसला,
परातेंच्या मिशीतला घाम,
आणि फरशीवर माझी सावली, एकच.
इतका वेळ दहा-बारा होत्या, फिकट,
जिकडे तिकडे पांगलेल्या.

"हाच," मी म्हटलं.
परातेंनी आधी सगळे खटके वर केले,
मग बिल फाडलं.

गुरुवारी लागला.
बाबा कोराडीला परत गेले,
जाताना खोका मात्र माळ्यावर ठेवायला लावला,
वॉरंटी कसलीच नसताना.

रविवारी फोन आला.
जेवली का, झोप लागते का, असलं काही नाही.
"पाल आली का?"
मी मान वर केली.
दांडीशेजारी, छताला चिकटून,
एका पाकोळीवर नजर लावून बसली होती.
"आली."
"मंग ठीक आहे," म्हणाले,
आणि फोन ठेवला.