सव्वीस नंबरचा ढोल

नाशिकरोडच्या वसतिगृहात आडनावानेच हाक मारायचे.
पगारे. निरभवणे. गांगुर्डे.
पथकात शिरलं की सगळ्यांचं एकच नाव: भाऊ.

प्रेसचा भोंगा झाला की आम्ही पुलाखाली जमायचो,
ढोलांवरून द्राक्षाच्या पेट्यांतला कागद सोलायचो.
विश्वदीपदादा सांगायचा, छाती काढा रे,
शंभर पावलांवरून कळलं पाहिजे कोण येतंय.
त्याच्या आजोबांना वाजवायला बोलवायचे
आणि जेवायला गोठ्याशी बसवायचे.
म्हणून आमची रांग ओळंब्यात.
म्हणून शर्ट खोचलेला, तोंडाला वास नाही,
म्हणून कुणी कंबर हलवायची नाही.

गांगुर्डेची हलायची.
मुद्दाम नाही. ठेका आधी त्याच्या कमरेत यायचा,
मग हातात.
सटाण्याकडचा, काटकुळा. टिपरू असं धरायचा
जसा दुसऱ्याच्या घरचा चमचा धरावा, जपून.
आणि आवाज?
पुलाची धूळ आमच्या केसांत पडायची.

नव्या पोराला पाठीवर चाळीस थाप्या. ही रीत.
त्याच्या पन्नास केल्या.
मोजायला मला उभं केलं.
"म्हण, मी मर्द आहे."
तो म्हणाला, "मी सव्वीस नंबर आहे."
सगळे हसले. माझं हसू सगळ्यांत मोठं,
कारण पगारे शेजारी उभा होता,
त्याचा दंड माझ्या दंडाला टेकलेला,
आणि मला तो तिथून हलायला नको होता.

पगारेचं काय सांगू.
आम्ही दोघं मिळून ढोल चढवायचो.
मी गुडघ्याने दाबून धरायचो, तो दोरी ओढायचा,
त्याचा घाम माझ्या मनगटावर.
"आवळू, भाऊ?"
"आवळ."
"आणखी?"
"आणखी."
तीन वर्षं मी एवढ्या बोलण्यावर काढली.
माझी बोटं फुटली की रात्री चिकटपट्टी गुंडाळायचा,
आधी फुंकर घालायचा.
कुणी दिवा लावला तर लगेच मोठ्याने,
"काय रे बायकांसारखा विव्हळतोस!"
मी विव्हळलेलो नसायचो.

जयंतीला चार दिवस असताना गांगुर्डे गेला.
पथकाचा शर्ट घडी करून कॉटवर,
पत्र्याची पेटी डोक्यावर.
जिन्यात थांबून मला म्हणाला,
"भाऊ, तू बेचाळीसला अडखळला होतास."
एवढंच.
मी म्हणालो, बस चुकेल तुझी.

चौदा तारखेला आम्ही असं वाजवलं
की दुकानदार शटर धरून उभे राहिले.
बायाबापड्या कडेवरच्या पोरांना बोटाने दाखवत होत्या, ते बघ, आपले.
मला खरंच अभिमान वाटला. तोही खोटा नव्हता.
रांगेत पंचवीसनंतर सत्तावीस होता.
सव्वीसच्या दोरीला गांगुर्डेने मारलेली गाठ कुणाला सुटेना.
दादाने सुरी मागवली,
हातात धरून बसला,
आणि परत मेसमध्ये पाठवून दिली.

आता मी अंबडला कंपनीत आहे.
पगारेच्या वरातीत सगळ्यात पुढे मीच वाजवलं, बोटं फुटेपर्यंत.
चिकटपट्टी स्वतःच लावली, दातांनी तोडून.

परवा वसतिगृहाची खोली रंगवायची म्हणून जुन्यांना बोलावलं.
कोपऱ्यात सव्वीस. गाठ तशीच.
पान इतकं उतरलेलं की थाप मारली तर
ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं.
पट्टा गळ्यात घातला.
दार नुसतं लोटलेलं होतं, बाहेर पोरं बोलत होती.
कडी लावायला हात गेला. लावली नाही.
बराच वेळ तसाच उभा राहिलो,
हातात यायच्या आधी
ठेका माझ्यात कुठे येतो ते बघत.