मायफळ

मशीद बंदरच्या एका वखारीतून
दोन कागद आले आमच्या टेबलावर.
मायफळांच्या पोत्याला आतून ठिगळ म्हणून
कोणीतरी खळीनं चिकटवले होते.

फरामर्ज काका भिंगातून फारसी वाचतात,
मी टिपकागद बदलत राहते.
खाली फोर्टाच्या गल्लीत
झेरॉक्सवाला यंत्राला शिव्या घालतोय.

पहिला कागद पश्चिमेच्या सुलतानाला:
आपल्या उंबरठ्यावरची धूळ, मीर शेमदीन.
दुसरा पूर्वेच्या शहाला:
आपल्या उंबरठ्यावरची धूळ, मीर शेमदीन.
हात एक. तारीख एक.
धूळही, मला वाटतं, एकच.

मी हसले.
काका हसले नाहीत.
"लबाड म्हणू नकोस, पोरी. किल्ला कुठंय बघ.
इकडून तोफा सात दिवसांवर,
तिकडून नऊ."

मग मी गप्प.
आमच्या देशमुखीच्या दप्तरातही दोन सनदा आहेत,
एक विजापूरची, एक दिल्लीची,
आणि तिसऱ्याच कोणाला धाडलेल्या
नजराण्याची यादी: पागोटी चार, घोडी एक, लंगडी.
आम्ही त्याला वतन राखणं म्हणतो.

शेवटच्या ओळी तेवढ्या वेगळ्या.
सुलतानाला: थोरला आपल्यापाशी ओलीस आहे,
त्याला समुद्राची हवा सोसत नाही.
शहाला: धाकटा आपल्यापाशी आहे,
त्याला गरीब स्वभावाचा घोडा द्यावा.
इथं बोरू दोनदा बुडवलाय.
इथंच शाई दाट,
आणि इथंच कागद जळल्यासारखा गळालाय.

शाई मायफळाचीच.
झाडाला माशी डसते,
झाड त्या जागी गाठ धरतं.
ती गाठ कुटून शाई होते,
आणि ती शाई सावकाश
आपलाच कागद खाते.
त्याच्याच डोंगरातली झाडं असणार.

काका म्हणतात, मुलांचं पुढं काय झालं
ते या कागदांत नाही.
दुसऱ्या कुठल्या कागदांत असेल
तर त्याचंही कोणाच्या तरी पोत्याला ठिगळ झालं असेल.

संध्याकाळी वखारीत परत गेले,
कागदांची पावती द्यायला.
शेठ हिनजीभाईंनी पैसे न घेता
मूठभर मायफळं पुडीत बांधून दिली,
लेकीच्या बाळासाठी.

आता सहाण ओली करून बसलेय.
गुटीला मायफळाचे दोन वेढे, आई सांगायची,
जास्त नाही.
दोन वेढे.
बाळ तोंड वाकडं करतं,
आणि गिळतं.