साधी गाठ

अकरा वर्षं लोक विचारत, "चुरी, तोंडात काय?"
आणि मी म्हणायचो, पान.
पान मी जन्मात खाल्लेलं नाही.
पेन्सिलीच्या टोकावर श्वास रोखून बसणाऱ्याला
तोंड भरलेलं चालत नाही.

डाव्या जबड्याच्या कोपऱ्यात, कानाखाली,
सुपारीएवढी. हलत नाही, दुखत नाही.
वस्तऱ्याला तेवढी ठाऊक:
तिथं आला की न्हावी हात हलका करायचा
आणि क्रिकेटवर बोलायचा.

हेमलता गेल्यावर तिच्या कपाटात,
साड्यांखालच्या वर्तमानपत्राच्याही खाली
दंत महाविद्यालयाचा केसपेपर सापडला.
माझ्या नावाचा. सात वर्षं जुना. रकाने कोरे.
कधी गेली असेल रांगेत? मला का नाही म्हणाली?
म्हणाली असेल. मी निगेटिव्हवर वाकलेला असेन.
तोच घेऊन गेलो. खिडकीतली बाई म्हणाली,
हा चालणार नाही, नवीन काढा.

"हनुवटी इथं. काडी दातात धरा. हलू नका."
यंत्र डोक्याभोवती फिरलं.
परळ नाक्याच्या स्टुडिओत चाळीस वर्षं
पडद्यापलीकडून ऐकलं होतं मालकांचं हलू नका;
माझ्यावर वेळ आज आली.

डॉक्टर पिंगुळकर. मुलगी चोवीसची असेल.
"हाडालाच हाड आलंय, आजोबा. साधी गाठ आहे."
साधी?
साधी, म्हणाली पुन्हा,
डोसा साधा की मसाला, त्या आवाजात.

ती बोलत होती, मी फिल्म बघत होतो.
एवढी मोठी निगेटिव्ह कधी हातात आली नव्हती.
काळ्यात पांढरी, कडा स्वच्छ,
सँडपेपरवर सुईसारखी केलेली फोर-एच असती
तर दहा मिनिटांत भरून सपाट केली असती.
किती नवऱ्यामुलांचे मस, किती मुलींचे देवीचे व्रण,
एका इन्स्पेक्टरची अख्खी दुसरी हनुवटी.
आभार कुणी मानले नाहीत.
आभार मानले, तर काम फसलं म्हणायचं.

"काढायची का?" तिनंच विचारलं, तिनंच ठरवलं:
"वाढली, नडली, तर काढू. नाहीतर राहू दे बिचारी.
फाइलला फोटो तेवढा आणा."

स्टेशनबाहेरचा फोटोवाला पोरगा, संगणक,
तीन मिनिटांत आठ प्रती.

घरी येऊन भिंग लावलं.
जबडा गुळगुळीत.
न विचारता काढलीन त्यानं,
तीळही काढला, गळ्याच्या वळ्याही.
पण पांढऱ्या कॉलरवर
तिची सावली तशीच.
गाठ नाही, आणि सावली आहे.

मला म्हणायचे, हाडाचा रिटचर.
जेवण जाईना.
असं अर्धवट काम घरात ठेवून झोपायचं कसं?
कॉलर पांढरी करणं सोपं होतं,
पाच मिनिटं फार तर.
हात तिकडे वळेना.

चकचकीत कागदावर शिसं धरत नाही.
टाल्कम घासलं, तिच्याच डब्यातलं,
आणि सावलीच्या वर, जबड्याच्या कोपऱ्यात
बसलो काढायला.

आठही प्रतींवर काढली गाठ.
एकीसारखी दुसरी आली नाही.